फियाटचा चंदेरी काठ

जुनी मोटार पुन्हा उभी करताना अगदी शेवटी बसते ती पुढच्या काचेभोवतीची करंगळीएवढी चकचकीत पट्टी. सगळे तिला शोभेची समजतात. पण गाडी पहिल्या पावसात भिजली की तिची खरी किंमत कळते.

हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण ज्याने प्रथम काढली त्याने मोटारगाडी पाहिली असण्याचा संभव नाही. पण जुनी फियाट दुरुस्तीला काढलेल्या कुणाही गृहस्थाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इंजिन खोलून झालेले असते, पिस्टनच्या रिंगा नव्या पडलेल्या असतात, पत्र्याची ठोकपीट आणि रंगकाम आटोपलेले असते, गाद्यांवर नवे रेक्झीन चढलेले असते. घरातील मंडळी दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडीला झेंडूचा हार घालण्याच्या तयारीला लागतात. आणि नेमक्या त्याच वेळी पुढची काच, तिच्याभोवतीचे काळे रबर आणि त्या रबरात बसणारी चंदेरी पट्टी ही तीन मंडळी अशी रुसून बसतात की सजलेली नवरी मांडवाच्या दाराशीच अडून राहावी!

या पट्टीला गॅरेजमध्ये ‘बीडिंग’ म्हणतात. आपण तिला काठ म्हणू. पैठणीचा काठ डोळ्यांत भरतो म्हणून तो केवळ शोभेचा आहे असे कुणी म्हटले तर घरातील बायका हसतील. वस्त्राची कड उसवू नये, पदराला वजन यावे, निरी नीट पडावी, अशी किती तरी कामे तो काठ मुकाट्याने करीत असतो. मोटारीच्या काचेचा काठही असाच मुका कामकरी आहे.

कुर्ल्याची कन्या

काठाकडे वळण्यापूर्वी ज्या गाडीचा तो काठ, तिची थोडी ओळख करून घेऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तेथे अमेरिकन गाड्या जोडल्या जात. इटलीत फियाट कंपनीने १९५३ साली ‘अकराशे’ नावाची नवी गाडी बाजारात आणली आणि थोड्याच अवधीत ती कुर्ल्याच्या कारखान्यातही तयार होऊ लागली. पाठीला गोलवा आणि तोंडाला फुगीरपणा असलेल्या त्या पहिल्या गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले; तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. १९६४ च्या सुमारास तिचे रूप पालटले आणि ‘डिलाइट’ आली. पुढे इटालियन नाव मागे पडले. १९७० नंतरच्या दशकात हीच गाडी प्रथम ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग चितोडच्या राणीचे नाव घेऊन ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नावे बदलली तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली.

त्या काळी गाडी घ्यायची म्हणजे पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. मुलगा मॅट्रिकला असताना लावलेला नंबर तो नोकरीला लागल्यावर लागला, अशा गोष्टी तेव्हा कुणाला अतिशयोक्तीच्या वाटत नसत. गिअरचा दांडा चक्राशेजारी असल्याने पुढे सलग बैठक आणि त्यावर तिघांची सोय. मागे चौघे आणि त्यांच्या मांडीवर दोन-तीन चिल्लर मंडळी. असे अख्खे कुटुंब खंडाळ्याच्या घाटात रेडिएटरला पाणी पाजीत महाबळेश्वरला जाऊन येई. २००० च्या आसपास गाडीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीलाही २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप मिळाला. म्हणजे आज जी फियाट कुठे तरी वाड्याच्या पडवीत किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असेल, ती आता नवी मिळणारी वस्तू नव्हे. ती टिकवायची तर दुरुस्तच करावी लागते.

तीन खाचांचे रबर

फियाटची पुढची काच पत्र्याला थेट चिकटवलेली नसते. काच आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची एक जाड माळ असते. तिचा आडवा काप घेतला तर त्यात दोन खाचा पाठीला पाठ लावून बसलेल्या दिसतात. एका खाचेत काचेची कड शिरते, दुसऱ्या खाचेत गाडीच्या चौकटीच्या पत्र्याची कड. बाहेरच्या अंगाला तिसरी एक अरुंद चीर असते आणि त्या चिरेत आपला चंदेरी काठ बसतो.

आता गंमत पाहा. काठ चिरेत शिरला की रबर फाकते आणि त्याचे ओठ आपापल्या बाजूला रेटले जातात. एक काचेवर दाबतो, दुसरा पत्र्यावर. दाराच्या फटीत पाचर ठोकली की दार जसे घट्ट बसते, तसाच हा प्रकार. प्रत्येक गाडीत हे काम कमी-अधिक असते. काही गाड्यांत धातूऐवजी चंदेरी रंगाची प्लॅस्टिकची पट्टी असते आणि तेथे तर सारे रबर तिच्याच जोरावर उभे असते. ब्रिटिश ‘मिनी’ गाडीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिची पट्टी काढून टाकली की रबर सैल पडते आणि काच बाहेर काढता येते.

म्हणून “ही पट्टी नसली तरी चालेल, नुसते काळे रबरही छान दिसते” असे सांगणारा कुणी भेटला, तर त्याचा सल्ला ऐकून घ्यावा आणि विसरून जावा.

शोधाशोध

पहिली अडचण मिळवण्याची. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात, किंवा नशीब जोरावर असेल तर चोरबाजाराच्या एखाद्या गाळ्यात जुने सुटे भाग मिळतात. रबर नवे मिळते, पण सगळे नवे रबर सारखे नसते. चांगले रबर हाताला लवचीक लागते, दुमडून सोडले की पूर्ववत होते आणि त्याच्या खाचा कोपऱ्यांतही सरळ राहतात. हलके रबर कडक तरी असते किंवा मेणचट तरी. सूर्यप्रकाश आणि हवेतील ओझोन यांनी रबराला बारीक तडे जातात. म्हणून वर्षानुवर्षे दुकानाच्या दारात टांगून ठेवलेला ‘अस्सल कंपनीचा’ माल कितीही अस्सल असला तरी दोन्ही हातांनी ताणून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

पट्टी मात्र शक्यतो स्वतःच्या गाडीची जुनीच वापरावी. त्या पट्टीचा बाक त्या काचेच्या बाकाशी जुळलेला असतो आणि असा जुळलेला बाक बाजारात विकत मिळत नाही. काम आरंभण्यापूर्वी ती कशाची आहे ते ओळखले पाहिजे. लोहचुंबक चिकटला नाही आणि पट्टी हातात पिसासारखी हलकी लागली, तर ती ॲल्युमिनियमची. चुंबक चिकटला नाही, पण जड लागली आणि आतल्या बाजूला खरवडल्यावर पिवळी दिसली, तर ती पितळेवर क्रोम चढवलेली. चुंबक चिकटला आणि कडेला तांबूस गंज दिसला, तर ती लोखंडी पत्र्यावरची क्रोम.

प्रत्येक धातूचा उपचार वेगळा. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बहुधा विजेच्या साहाय्याने चढवलेला एक कठीण, पारदर्शक थर असतो. तो उतरवल्याशिवाय पॉलिश धरत नाही आणि पुन्हा चढवला नाही तर पॉलिश टिकत नाही. क्रोमच्या पट्टीचे रहस्य याहून मजेचे आहे. आपण जिला क्रोमची झळाळी म्हणतो ती बरीचशी खालच्या निकेलची असते. वरचा क्रोमचा थर बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. तो निकेलला काळवंडू देत नाही एवढेच त्याचे काम. त्यामुळे “नुसता क्रोम मारून देतो” म्हणणाऱ्याचे काम स्वस्त पडते आणि दोन पावसाळ्यांत त्याला पोपडे येतात. आधी घासणे, मग तांबे, मग निकेल आणि शेवटी क्रोम, हा क्रम मोडून चालत नाही.

पट्टीला पोचे आलेले असतील तर ते मागच्या बाजूने, लाकडी ठोकळ्यावर धरून, लहान हातोडीच्या हलक्या टोल्यांनी काढावे लागतात. हे काम पाहताना सोनाराची आठवण होते. एक जोराचा टोला बसला की पोचा जातो आणि त्याच्या जागी टेंगूळ येते!

पत्र्याची पत्रिका

दुसरी अडचण चौकटीची. जुने रबर काढले की काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांत बहुधा गंज सापडतो. पाणी तेथेच साठते, कारण पाण्याला खालचीच वाट माहीत. फियाटला ट्रकसारखी वेगळी लोखंडी चाशी नाही. तिची सगळी काया एकसंध पत्र्याची असून तीच भार सोसते. काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब हे त्या कायेचे खांदे आहेत. तेथील गंज लांबी भरून झाकणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला ऑइलपेंट लावण्यासारखे आहे. कुजलेला पत्रा कापून नवा जोडावा, गंजरोधक थर द्यावा, मग रंग. आणि हा रंग चांगला वाळू द्यावा. ओल्या रंगावर रबर बसवले की ते तेथेच चिकटते आणि पुढे कधी काढावे लागले तर रंगासकट निघते.

छताचे आतले कापड बदलायचे असेल तर तेही काच बसवण्यापूर्वी. अनेक गाड्यांत त्या कापडाची कड चौकटीवरून वळवून रबराखाली दाबलेली असते. हा क्रम चुकला की बसवलेली काच पुन्हा काढण्याचा प्रसंग येतो.

काचेबद्दलही दोन शब्द. मोटारीची काच दोन प्रकारची असते. एक कडक केलेली. ती फुटली की तिचे लाह्यांसारखे बारीक, बोथट तुकडे होतात. दुसरी दोन काचांमध्ये पारदर्शक पडदा घातलेली. एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून १९०३ साली एक काचेचा चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोजच्या द्रावणाचा पातळ पापुद्रा सुकलेला होता. त्यावरून ही दुसरी काच जन्माला आली. जुन्या गाडीत नवी काच घालायचीच असेल तर पुढे ही पडद्याची काचच घालावी. खडा लागला तर तिला तडा जाईल, पण ती अंगावर येणार नाही.

सुतळीची करामत

आता मुख्य सोहळा. त्याला माणसे दोन लागतात: बाहेर मिस्त्री, आत त्याचा हाताखालचा पोरगा. साहित्यात फारसे काही नाही. साबणाचे पाणी, एक ब्रश, जुनी सतरंजी आणि काचेच्या परिघाहून दोन हात जास्त लांबीची गुळगुळीत, मजबूत दोरी. रॉकेल, ग्रीस, इंजिनचे तेल यांना येथे मज्जाव. रबर तेलाने फुगते आणि फुगलेले रबर पुन्हा आकार धरीत नाही. थंडीचे दिवस असतील तर रबर अर्धा तास उन्हात किंवा ऊन पाण्यात ठेवावे, म्हणजे ते मऊ येते.

काच सतरंजीवर ठेवून तिच्या कडेला रबर चढवतात. रबर कुठेही ताणायचे नाही, उलट किंचित ढिलेच ठेवायचे. ताणून बसवलेले रबर काही महिन्यांनी मूळ लांबीवर येते आणि कोपऱ्यांत फट पडते. रबराचा सांधा कोपऱ्यात येऊ द्यायचा नाही.

पट्टी आता बसवायची की काच गाडीत गेल्यावर, यावर कारागिरांत दोन पंथ आहेत. धातूची पट्टी असलेल्या गाड्यांत बरेच जण ती आताच, काच सतरंजीवर असतानाच बसवतात. एकदा रबर चौकटीत आवळले गेले की चीर मिटते आणि मग धातू आत शिरायला तयार होत नाही. दुसऱ्या पंथाचे म्हणणे असे की, काच गाडीत दाबताना पट्टी वाकते. म्हणून काच आधी, पट्टी मागून. ते चिरेतही एक बारीक दोरी घालून ठेवतात आणि ती ओढीत ओढीत चिरेचा ओठ उघडून पट्टी दाबत जातात. पंथ कोणताही असो, एक नियम दोघांनाही सारखाच. पट्टी बहुधा दोन तुकड्यांत असते आणि तुकड्यांच्या जोडावर एक लहानशी चंदेरी झाकणी येते. ही झाकणी एका तुकड्यावर आधी सरकवून ठेवायची असते. सगळी पट्टी बसवून झाल्यावर झाकणी खिशात सापडली, तर पुन्हा श्रीगणेशा!

मग रबराच्या बाहेरच्या खाचेत, म्हणजे जेथे पत्र्याची कड शिरायची आहे तेथे, सगळीकडून दोरी घालतात. दोरीची दोन्ही टोके खालच्या बाजूला मधोमध, एकमेकांवरून वीतभर ओलांडून, गाडीच्या आत सोडतात. साबणाचे पाणी लावून दोघेजण काच उचलतात आणि चौकटीवर मध्यावर टेकवतात. आता मिस्त्री बाहेरून तळहाताने दाबतो आणि आतला पोरगा दोरीचे टोक काचेच्या मध्याच्या दिशेने ओढू लागतो. दोरी बाहेर येता येता रबराचा आतला ओठ उचलते आणि तो ओठ पत्र्याच्या कडेवरून अलगद आत उलटतो.

“सावकाश. अजून सावकाश.”

“मिस्त्री, इथं अडलंय.”

“मग ओढू नकोस, थांब. पाणी लाव. मी दाबतो, मग ओढ.”

सगळी विद्या या चार वाक्यांत आली. दोरी ओढणाऱ्याने दाबणाऱ्याच्या पुढे जायचे नाही. जोर लावला तर ओठ फाटतो. मूठ आपटली तर काच तडकते. कडक केलेली काच मध्यावर बराच मार सोसते, पण तिच्या कडेवर एक छोटासा टोला बसला तर क्षणात तिच्या लाह्या होतात. तळव्याने थोपटत, खालची बाजू, मग दोन्ही उभ्या बाजू आणि शेवटी वरची, असे करीत शेवटची वीतभर दोरी सुटून हातात आली की काच बसली. नवशिक्यांना याला अर्धा दिवस लागतो. मुरलेली जोडी चहा निवण्याच्या आत उरकते.

घडाभर पाण्याची परीक्षा

काम झाले असे म्हणण्यापूर्वी एक परीक्षा बाकी असते. गाडीच्या आत, डॅशबोर्डच्या खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरावे आणि बाहेरून काचेच्या वरच्या कडेवर पाण्याची नळी दहा मिनिटे धरावी. वर्तमानपत्रावर डाग उमटला तर त्या जागी काच आणि रबर यांच्यामध्ये कधीही कडक न होणारा मऊ भरणा नळीने भरावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे कुठलेही सिलिकॉन वापरू नये. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यातून आम्ल सुटते आणि ते पत्र्याला गंजवते. पाणी थांबवायला घातलेले औषधच पुढे रोग होते.

मुंबईत वर्षाकाठी दोन मीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. काचेच्या कोपऱ्यातून थेंब थेंब आत आलेले पाणी डॅशबोर्डच्या मागून, वायरींवरून ओघळत पायाखालच्या गालिच्यात मुरते. वरून गालिचा कोरडा वाटतो. खाली पत्रा कुजत राहतो. दोन-तीन वर्षांनी एके दिवशी पाय जोरात टेकला की रस्ता दिसतो! लाख-लाख रुपये खर्चून उभी केलेली गाडी या एका थेंबापायी पुन्हा भंगाराच्या वाटेला लागते. इंजिन बिघडले तर ते आवाज करून सांगते. गळणारी काच काहीच बोलत नाही.

विद्या जाते कुठे?

आजच्या मोटारींत हा प्रकार उरलेला नाही. काच आता बळकट गोंदाने थेट पत्र्याला चिकटवतात. ती गाडीच्या कायेचाच भाग होते आणि अपघातात फुगणाऱ्या पिशवीलाही तिचा आधार मिळतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही सुधारणाच आहे, तिच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण त्यामुळे दोरीने काच बसवणाऱ्या हातांना काम कमी झाले. टॅक्सी असताना या मिस्त्रींना सवड नसे. आता वर्षाकाठी जी थोडी कामे येतात त्यांवर हाताखालचा पोरगा शिकून तयार व्हायचा, हे कठीणच.

कायद्याने मात्र जुन्या गाड्यांकडे थोड्या मायेने पाहिले आहे. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि दहा वर्षांनी पुन्हा नोंदणीला पाच हजार असे शुल्क त्या वेळी ठरले. अशी गाडी रोज कचेरीला न्यायची नाही. प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या रॅलीला, दुरुस्तीला न्यायची. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीच्या फियाट आता या वयात आल्या आहेत. चाशी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. काचेखालचा पत्रा कुजू न देण्याचे महत्त्व त्यामुळे आणखी वाढते.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या दारी ताडपत्रीखाली आजोबांची फियाट उभी असेल तर एवढे करावे. गाडी पेंटरकडे जाण्यापूर्वी काचेभोवतीची पट्टी आपल्या देखत काढून घ्यावी. ‘वर डावी’, ‘वर उजवी’ अशा चिठ्ठ्या लावून, जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून ती माळ्यावर सपाट ठेवावी. उभी टेकवली तर ती वाकते. जोडावरच्या झाकण्या सुपारीच्या डबीत ठेवाव्यात आणि डबी कुणाच्या ताब्यात आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असावे. आणि काच बसवायच्या दिवशी घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला मिस्त्रींच्या शेजारी उभे करावे. दोरी ओढायला आत एक जण लागतोच!